अळंबीचा अर्क आणि सोनूकाकींची अब्रू

पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात अख्ख्या खेडात तेल खवट होण्यापासून वाचवू शकणारा माणूस एकच होता, आणि तो म्हणजे मी! हे मीच सगळ्यांना सांगत होतो, कारण दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं.

मी कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर. जन्मभर पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्या वेचायच्या नसतील, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात संशोधनाची जागा मिळवणं भाग होतं. ती जागा तिथल्या नेवरेकर सरांच्या हातात होती आणि रविवारी ते माझा प्रयोग पाहायला घरी येणार होते.

प्रयोग असा. वारुळावरची रानअळंबी वाळवून कुटली, स्पिरिटात भिजवली, गाळली आणि स्पिरिट उडवून लावलं. तळाशी काकवीसारखा अर्क उरला. त्यात अँटिऑक्सिडंट असतं, म्हणजे हवेने तेल खवट होतं ते रोखणारं द्रव्य, असा माझा दावा. ते किती आहे हे मोजायला मी दोन बाटल्या गोडेतेल घेतलं. एकीत अर्क घातला, दुसरीत काहीच नाही. दोन्ही न्हाणीतल्या चुलीशेजारी उबेला ठेवल्या. महिन्याभरात साध्या बाटलीला असा वास सुटला की घरमालकीण सोनूकाकी नाकाला पदर लावूनच न्हाणीत शिरू लागल्या. अर्काची बाटली मात्र ताजी! मला तर त्या घाण वासाने भूक लागायची.

रविवारी सर भिजतच एस.टी.तून उतरले. काकींनी चहा दिला, घावणे दिले. मी ब्युरेट, म्हणजे थेंब मोजून सोडायची काचेची नळी, उभी केली आणि छाती पुढे काढून म्हणालो, "सर, तेलात ही दोन रसायनं आणि थोडी भाताची पेज घालायची. तेल खवट असेल तर मिश्रण निळं पडतं. मग हायपो नावाच्या रसायनाचे थेंब सोडून ते निळेपण घालवायचं. जितके थेंब जास्त, तितकं तेल खवट. आता बघा, साधं तेल कसं शाईसारखं होतं ते!"

साधं तेल निळं झालंच नाही. ढवळलं, हलवलं, फुंकर मारली. पेजेसारखं पांढरं ते पांढरंच.

मग अर्काचं तेल घेतलं. ते फिकं का होईना, निळं झालं.

"म्हणजे अळंबीने तेल खवट होतं?" सरांनी शांतपणे विचारलं. मी साध्या बाटलीचा वास घेतला. सुगंध! इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"काकी, या बाटलीला कुणी हात लावला?"

"मी," काकी अभिमानाने म्हणाल्या. "दापोलीचा पावणा येनार नि त्याच्यापुडं खवाट त्याल ठेवायचा? लोकां म्हनतील, सोनूबायच्या घरात चांगला त्याल नाय. घान्यावरचा ताजा आनून भरलाय."

"आणि जुनं?"

"वाडीतल्या रघूला दिला, विहिरीच्या रहाटाला घालायला."

आम्ही विहिरीकडे धावलो. मी पुढे चमचा घेऊन, मागे छत्री घेऊन सर. मी रहाटाचा आस खरवडतोय म्हटल्यावर वाडी जमली. काकींची अंगठी विहिरीत पडली असं कुणीतरी ठरवून टाकलं आणि रघू गळ घेऊन आला. सरही आता पेटले होते. "डावीकडे बघा, तिथे चकाकतंय!" असं ओरडत ते वाकले आणि त्यांची छत्री विहिरीत गेली. रघूने गळ टाकून छत्री वर काढली, तिच्या फक्त काड्या उरल्या होत्या. अंगठी का सापडत नाही म्हणून वाडी हळहळत राहिली.

माझ्या चमच्यात चिमूटभर गंज आला. तेल पावसाने कधीच धुऊन नेलं होतं.

घरी येऊन मी कपाळाला हात लावला. "काकी, बदललीत ती बदललीत, पण एकच बाटली का बदललीत हो!"

काकींनी मान डोलावली. सरांना माझी दया आली असावी. डोकं पुसत ते म्हणाले, "पुन्हा करा. महिन्याने बाटल्या घेऊन दापोलीला या. मात्र ही शेवटची संधी."

मी पुन्हा सगळं केलं. या वेळी बाटल्या चुलीशेजारी लोखंडी ट्रंकेत, ट्रंकेला कुलूप आणि चावी जानव्याला! महिन्याने साध्या बाटलीला तोच दिव्य वास सुटला. आदल्या दिवशी वास घेऊन मी समाधानाने कुलूप लावलं आणि सकाळी ट्रंक तशीच उचलून दापोली गाठली.

सरांनी स्वतः ब्युरेट भरली. साधं तेल पांढरं. अर्काचं तेल पांढरं. सरांनी दोन्ही बाटल्या हुंगल्या, डोळे मिटले आणि माझ्यासाठी चहा सांगितला. चहा झाल्यावर एस.टी.ची वेळही सांगितली.

संध्याकाळी काकी दारातच उभ्या होत्या.

"ट्रंकेची दुसरी चावी माज्याकडं हाय. ट्रंक माज्या सासऱ्याची," त्या हसत म्हणाल्या. "मागल्या खेपंला एकच बाटली बदलली म्हनून रागावलात ना, मास्तर? या खेपंला दोनी बदलल्या. जागा मिळाली ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात जाऊन परीक्षानळ्या वेचायला लागलो. डोक्याला मात्र काकींनी बाटलीत भरलेलं तेलच लावून गेलो होतो. खरंच फार ताजं होतं हो!