कपाटबागेत कोंडलेल्या वाऱ्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन, शारदेस नमन, आणि ज्या वाऱ्याच्या आधारे हे नमन तोंडावाटे बाहेर पडते त्या वाऱ्यास दोन नमने अधिक. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, वैशाख मास, ते समयी एका राज्यात जे वर्तले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही, कारण लिहिणारास अद्याप तेथेच राहणे आहे.

हकीकत ऐसी जे, त्या राज्याचे राजे मोठे हौशी, मोठे मानी, आणि शेजारच्या राजाने आपली बाग दाखवून जी फुशारकी मारिली ती यांस फार झोंबली, आणि स्वारी परत येताच बोलते जाहले, "उघड्यावर बाग करणे यात मर्दुमकी कोणती? तेथे ऊन सूर्याचे, आणि तो तर शेजाऱ्याकडेही उगवतो. आम्हांस आमचे ऊन आमच्या कुलपात पाहिजे." दरबाराने माना डोलाविल्या. मग थोरल्या महाराजांचे अंगरखे ज्यात ठेवीत ते सागवानी कपाट रिते केले, आणि आतून चकचकीत पत्रा मारिला, आणि छतास बारा विजेचे दिवे टांगिले, आणि त्याचे नाव कपाटबाग ठेविले, आणि चार पिढ्यांची जुनी सरकारी बाग मुळासकट तोडून तेथे मंडपाचा चौथरा घातला. त्या जुन्या बागेचा माळी निंबाजी, चाळीस वर्षे चाकरीत, त्याने तोडलेली झाडे स्वहस्ते वाहिली. त्यात अनंताचे थोरले झाड होते. निंबाजीची बायको साळूबाई, ती मरण्याचे चार महिने आधी त्या झाडास गुटी बांधून पाच कलमे करून गेली होती, त्यांतील चार गेली, एक लागले. निंबाजीस मूलबाळ नव्हते. ती एक कुंडी होती, तीत वीतभर रोप होते, आणि ते जगावे इतकेच त्याचे या जन्मातील मागणे उरले होते. नेमके तेच रोप राजांचे नजरेस पडले, आणि हुकूम सुटला की कपाटबागेत पहिला मान याचा. निंबाजीने कुंडी स्वतः उचलून नेऊन दिली, कारण राजास नाही म्हणण्याची रीत तो शिकलाच नव्हता.

मग कुंडीवर सरकारी शिक्का उमटला, आणि मानकऱ्यांनी तिजला मुजरे केले, आणि दिवे लागले, आणि दार बंद जाहले. तिसरे दिवशी दार उघडिले तो मोदकपात्राचे झाकण काढावे तैसी वाफ तोंडावर आली, पत्र्यावरून पाण्याचे ओघळ, आणि आत टांगिलेली पाऱ्याची नळी एकेचाळीस अंश दाखवू लागली. निंबाजी हात जोडून बोलिला, "महाराज, ऊन झालेला वारा वर चढतो, त्येला वरनं वाट पायजे. खाली एक भोक पाडा, गार वारा आत यील. वर दुसरं पाडा, तिथं पंखा असा बसवा की त्यो आतला वारा बाहेर ओढील. दिवं हातभर वर घ्या, आणि रातचं इझवा. इतकं केलं की झाड जगंल." राजांस हे पटले. सुतार आला, आणि कपाटास खाली वर दोन भोके पाडिली, आणि दोन पंखे आणविले, आणि आता वरचा पंखा बसवायचा तो दिवाण धुंडोपंत लगबगीने पुढे जाहले.

"महाराज," पंत बोलिले, "पंखा गादीकडे हलतो, ही या घराण्याची रीत. गादीकडून बाहेर वारा एकदाच घालितात, राजा निवर्तला म्हणजे चवरी उलटी धरितात तेव्हां. या कुंडीवर महाराजांचा शिक्का आहे. तिजकडील वारा बाहेर ओढिला तर त्याचा अर्थ काय निघतो, हे माझ्या तोंडून वदवू नये." हे ऐकताच राजांचा चेहरा पांढरा पडला, आणि हात आपसूक छातीवर गेला, आणि तात्काळ हुकूम जाहला की दोन्ही पंखे आतल्या अंगास तोंड करून बसवावे. निंबाजी तसाच उभा. तो म्हणाला, "महाराज, दोन्हीकडनं आत घातला तर त्यो वारा जाईल कुठं? पाव्हणं यावं नि घराला दार नसावं, तशी गत व्हईल." पंत हसले आणि म्हणाले, "निंबाजी, या दरबारी आत येणे हाच मान. बाहेर जाण्याची घाई वाऱ्यास का असावी?" यावर दरबारही हसला, आणि पंखे सुरू जाहले. ऐकणारांनी तोंडात बोट घालावे ऐसा हा प्रकार, कारण दिव्यांनी तापविलेला वारा बिचारा वर चढे, आणि वरचा पंखा त्यास दटावून पुन्हा खाली रोपावर लोटी, आणि खालचा पंखा त्यास मागे सरू देईना, आणि ऐसे दोन सरकारी पंख्यांनी मिळून एका वीतभर रोपास रीतसर शिजविण्यास आरंभ केला. रोपास दोन कळ्या आल्या होत्या, साळूबाईच्या हातच्या कलमाच्या पहिल्याच, त्या दुसरे दिवशी गळोन मातीत पडलेल्या निंबाजीने पाहिल्या. त्याने त्या उचलोन बंडीच्या खिशात ठेविल्या.

आता नळी वाचण्यास एक स्वतंत्र कामगार नेमिला होता, केसो गोविंद नळीनवीस. त्याने त्या सकाळी दरबारात खरे ते वाचिले, "त्रेचाळीस." राजांच्या कपाळास आठी पडली. धुंडोपंत हळूच म्हणाले, "केसोपंत, नीट पाहा. महाराजांस पंचवीस पसंत आहे." दुसरे दिवशी नळी कपाटात नव्हती. ती पाणक्याचे खोलीत, माठांमागे, ओल्या वाळ्याच्या पडद्यास टांगिलेली होती, आणि तेथे ती इमानाने पंचवीस दाखवीत होती. तेव्हांपासोन रोज सकाळी चोपदार ललकारी देई, "कपाटबाग पंचवीस," आणि दरबार घाम पुसत टाळ्या वाजवी. निंबाजीने केसोस गाठून विचारिले, "केसोपंत, झाड कपाटात हाय, मग नळी माठामागं कशाला?" केसो इकडे तिकडे पाहोन म्हणाला, "मी खोटे बोलत नाही निंबाजी, नळी सांगते ते वाचितो. नळी थंड जागी आहे म्हणोन माझी मान जागेवर आहे. तुझे रोप एक, तशी माझी मान एक." निंबाजी तडक धुंडोपंतांकडे गेला आणि भर कचेरीत म्हणाला की आत चाळिसाच्या वर हाय, रोप मरतंय. पंतांनी शांतपणे लिहून घेतले की सरकारी आकड्याहून निराळा आकडा याने उच्चारिला, सबब आठ दिवस कपाटबागेस पाय लावू नये.

ते आठ दिवस निंबाजीने कैसे काढिले ते लिहिण्यास लेखणी अडखळते. कपाटाची पाठ ज्या भिंतीस टेकली होती तिच्या पलीकडे एक बोळ होता, तेथे तो दोनप्रहरी जाऊन बसे, आणि आतून पंख्यांची घरघर ऐके, आणि भिंतीस तळवा लावी. पहिले दोन दिवस तळवा टेकवत होता, तिसरे दिवसापासोन टेकवेना. तो पुटपुटे, "साळू, मीच नेऊन दिली गं ती कुंडी. कोणी हिसकावली नाय. मीच दिली." आणि सातवे दिवशी राजवाड्यात बातमी उठली की कपाटबागेतील अनंत फुलला, एकदम अकरा फुले आली, उद्या सकाळी दरबारास दर्शन होणार. सारे राज्य हरखले. निंबाजीचे मात्र डोळे पांढरे जाहले, कारण वीतभर रोपास, कळ्या गळाल्यावर, भट्टीत, अकरा फुले, हे चाळीस वर्षांत त्याने ऐकिले नव्हते.

आठवे दिवशी सकाळी दरबार भरला. कपाटाचे लाकूड आतल्या दमटपणाने फुगले होते, दार निघेना, मग दोन शिपायांनी ओढिले, आणि वाफेचा लोट बाहेर आला, आणि वाफ विरली तो खरोखरच अकरा पांढरी शुभ्र फुले, आणि अत्तराचा घमघमाट. दरबार वाहवा करू लागला. राजांचे डोळे भरोन आले. निंबाजी शेवटच्या रांगेतून पाहत होता. एवढ्या वाफेत एका पाकळीसही दव नाही, आणि फुलांची सारी तोंडे दरबाराकडे, हे त्याने पाहिले मात्र, आणि कोणी अडविण्याच्या आत तो रांगा ओलांडून पुढे गेला आणि हात आत घातला. फूल हातात आले. ते रेशमाचे होते, मागे दोरा होता. खालचे पान त्याच्या बोटांत चुरा होऊन गेले. धुंडोपंत एक पाऊल मागे सरले. निंबाजीने नखाने खोडाची साल शेंड्याजवळ खरवडिली, आत तपकिरी. मधे खरवडिली, तपकिरी. मग मातीपासोन दोन बोटांवर खरवडिली, आणि तेथे नखाएवढी हिरवी रेघ निघाली. तो तेथेच खाली बसोन म्हातारा माणूस लेकरासारखा रडू लागला आणि म्हणू लागला, "जित्ती हाय. अजून जित्ती हाय."

राजे गादीवरून उतरले. त्यांनी विचारिले, "हे काय आहे?" निंबाजी म्हणाला, "महाराज, म्या सांगून काय हुणार? आत हात घाला." आजवर राजांस कोणी हात घाला म्हणाले नव्हते. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला, आणि झटकन मागे ओढिला, आणि लाल जाहलेल्या बोटांकडे पाहतच राहिले. मग केसो गोविंदाकडे वळोन म्हणाले, "आजचा आकडा?" केसो म्हणाला, "पंचवीस, महाराज." "आणि आतला?" केसो पाणक्याच्या खोलीकडे पाहू लागला. "आतला... आतला पहिल्या चार दिवसांनंतर मोजिला नाही, महाराज." राजे फार हळू आवाजात म्हणाले, "सरहद्दीवर पाऊस पुरेसा जाहला ऐसे मागे सांगितले. तो कोठे मोजिला?" धुंडोपंत पागोटे सावरू लागले. "तिकडील विहिरींस पाणी आहे म्हणालात. कोणी वाकोन पाहिले?" मानकरी एकमेकांमागे सरकू लागले. "चौथऱ्याच्या कामास रयत आपखुशीने आली म्हणालात," आणि येथे राजांचा आवाज थांबला, कारण समोरच्या एकाही माणसाची नजर वर नव्हती. राजांच्या तोंडावर ते समयी जे भय उमटले ते पाहोन निंबाजीचे रडणे थांबले. त्यास वाटले, आता जाहले. आता वरचा पंखा फिरणार. आता साऱ्याच खिडक्या उघडणार. त्याच्या छातीत आशा ऐसी धडधडू लागली की त्यास स्वतःची लाज वाटली.

राजांनी शेल्यास हात पुसला. पुन्हा एकवार बोटांकडे पाहिले. मग म्हणाले, "दार लावा." शिपाई जागचे हलेनात, तेव्हां पुन्हा म्हणाले, "फुले होती तैसी एका काडीस बांधा आणि दार लावा. ही कुंडी या माळ्यास देऊन टाका. केसो गोविंद, आजचा आकडा दरबारास मोठ्याने ऐकवावा." केसोने ललकारिले, "कपाटबाग पंचवीस." आणि दरबाराने टाळ्या वाजविल्या, आणि राजांनीही त्या भाजलेल्या हाताने टाळ्या वाजविल्या. निंबाजीने हे डोळ्यांनी पाहिले, आणि तरी त्यास खरे वाटेना. तो कुंडी पोटाशी धरून बाहेर पडला, आणि वाड्याच्या दरवाजापर्यंत त्या टाळ्या त्याच्या पाठीवर येत राहिल्या.

सारांश, निंबाजीने कुंडी आपल्या घरात दार आणि खिडकी यांच्या मधे ठेविली, जेथे वारा एकीकडून येतो आणि दुसरीकडून जातो, आणि श्रावणात त्या वाळल्या खोडास मातीलगत चार पाने फुटली. हे राजवाड्यात कळले, तेव्हां राजांनी केसो गोविंदास गुपचूप पाठवून विचारिले की तेथील आकडा किती. निंबाजी म्हणाला, "आकडा न्हाई सांगत. महाराजांनी येऊन हात लावून बघावं." केसो निरोप घेऊन गेला. निरोप होता तैसा पोचला, की वाटेत त्याचाही पंचवीस जाहला, हे लिहिणारास ठाऊक नाही. येणेप्रमाणे जे घडले ते लिहिले, अधिक उणे केले नाही. राजे आले नाहीत.