टिटवीची बदली

गोविंदराव कधीही कोणाच्या पुढे चालत नसत. उभी नोकरी लोणावळ्याच्या घाटात मालगाडीचे गार्ड म्हणून झालेली. गार्डाची जागा शेवटी, ही सवय पेन्शनीतही सुटली नाही. इंदुरीला रोज सकाळी इंद्रायणीकाठी फिरायला निघालो की पुढे त्यांचा कुत्रा मोत्या, मध्ये शेजारी म्हणून मी आणि मागे गोविंदराव. खंड्यानं पाण्यात सूर मारला की ते शिट्टी फुंकत, आणि आम्ही दोघं जागच्या जागी थांबत असू. शिट्टीनं खंड्या उडून जाई, हे वेगळं. कुत्रा आणि मी यांत त्यांनी कधी फरक केला नाही.

एका चैत्रात त्यांना वाळूत टिटवीची चार अंडी दिसली. नेमकी म्हशी पाण्यावर उतरतात त्या वाटेत. गोविंदरावांना जेवण गोड लागेना. अंडी एकदम लांब नेली तर टिटवी ती टाकून जाईल, म्हणून रोज हातभर वर सरकवायची, असं त्यांनी ठरवलं. मी म्हशी अडवायच्या, मोत्यानं गप्प बसायचं.

"बदली आहे, बडतर्फी नव्हे," ते टिटवीला समजावत. ती डोक्यावर घिरट्या घालत आम्हा तिघांना शिव्या देई.

आता, टिटवीची अंडी नदीपासून जितकी उंच तितका पाऊस मोठा, असं आमच्याकडे मानतात. मळेवाले गंगाराम आबा रोज येऊन अंडी पाहत आणि विचारात पडत. आठवड्यानं त्यांनी चावडीवर सांगितलं, "बाई रोज वर चाललीया. औंदा लय पाऊस हाय." गाव भर उन्हात घरं शाकारायला लागलं. खरं सांगायची माझी छाती झाली नाही. बायकोनं मलाही कौलांवर चढवलं.

एके सकाळी खळगा रिकामा दिसला. गोविंदराव मटकन खाली बसले. मी मुंगसाच्या नावानं बोटं मोडत होतो, तेवढ्यात दगडांतून चार मातकट पिल्लं तुरुतुरु धावत आईच्या पोटाखाली शिरली.

मी हसलो. गोविंदराव हसले नाहीत. त्यांच्या घरात ते आणि त्यांची बायको, दोघंच. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आमचीही दोन होती," ते म्हणाले. "चालायला लागायच्या आधीच गेली. दोन्ही वेळा मी गाडीवर होतो. घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं."

मी त्यांचा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.