भैयाजींचा रिव्हर्स गियर

दोन हजार एक साली पिपरी मेघेच्या भैयाजींनी जुनी मारुती घेतली आणि सासूबाईंना आपण स्वतः हिंगणीला सोडून येऊ, असं जाहीर करून टाकलं. (बसमध्ये बसवून दिलं असतं, तर पुढचं काही घडलंच नसतं.)

भैयाजी मूळचे तापट, पण राग गिळण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक ताग्यांवर तागे उलगडायला लावून "उद्या येतो" म्हणे, तरी हे हसत. कापड मोजणं त्यांना झोपेतही जमे. त्यामुळे सगळं डोकं जिभेवर पहारा द्यायला मोकळं.

गाडीचं तसं नव्हतं. गल्ली चिंचोळी, इकडे नाली, तिकडे शेजाऱ्याची भिंत आणि गाडी काढायची उलटी. क्लच, गियर, आरसा सांभाळायला पहाऱ्यावरचं डोकं धावलं आणि जीभ मोकाट सुटली.

"जवाईबापू," मागून सासूबाई, शकुंतलाबाई, म्हणाल्या, "माह्या हातचं बेसन आवडलं न तुमाले?"

"बेसन होतं ते? मले वाटलं भिंतीची पुट्टी!" भैयाजी नालीवर नजर ठेवून गुरगुरले.

शेजारी बसलेली बायको, कोकिळा, दचकली. "अहो, काय बोलून राह्यले?"

"मी कुठं बोललो?" (त्यांना खरंच पत्ता नव्हता.)

सासूबाईंचा आवाज चढला. "मी महिनाभर राह्यली, तं तरास झाला का?"

"मंग? रोज पहाटे कानाशी भजन! ही गाडी काऊन घेतली मी? तुमाले लवकर पोचवाले!"

धप्प! मागचं चाक नालीत. इंजिन बंद पडलं, डोकं जागेवर आलं आणि आपलेच शब्द कानात घुमले. भैयाजी आधी गियरवर, मग नालीवर, मग नाली खोदणाऱ्यावर ओरडले.

सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या. "मी नाई जात आता! जवायाच्या पोटात अजून काय काय आहे, ते ऐकूनच जाईन."

गल्लीतल्या माणसांनी चाक वर काढलं. संतापलेले भैयाजी उतरू लागले, तोच कोकिळाने त्यांची बाही धरली. डोळ्यांत जाळ, आवाज मात्र साखरेचा.

"बसा न. घ्या पुन्हा मागे. आता मले एक विचाराचं आहे. रविवारी दुकान बंद असते, मंग तुमी जाता कुठं?"

भैयाजींनी चावी काढली आणि नालीत फेकून दिली.