पोरगा भाड्यानं देणे आहे

"बोट विकायची नाही! घरातून एक पैसा न घेता कॅनडात शिकून दाखवतो!" असं मी बाबांना छाती ठोकून सांगितलं, ते १९८६ साल होतं. तारापूरजवळच्या आमच्या कोळीवाड्यातला मी पहिला बी.एस्सी. मासे टिकवण्याच्या शास्त्रात मला पुढे शिकायचं होतं आणि त्यासाठी बाबा त्यांची एकुलती एक बोट विकायला निघाले होते. मग घर खाणार काय? माझी डिग्री?

मी पत्रांचा सपाटा लावला. ट्रस्ट, संस्था, विद्यापीठं, कुणालाच सोडलं नाही. इतके नकार आले की पोस्टमन लांबूनच मान हलवायचा! शेवटी कॅनडाच्या एका प्रोफेसरांनी कळवलं, 'शनिवारी संध्याकाळी फोन करतो. बोलणं पटलं तर सगळा खर्च आमचा.'

वाड्यात फोन एकच, कमलाकांतशेठच्या बर्फाच्या कारखान्यात; पत्रांत मी तोच नंबर दिला होता. बर्फ फोडायचं मशीन विमानासारखं घरघरायचं. माझ्यासाठी शेठनं ते बंद ठेवलं. नेमक्या त्याच वेळी बोटी किनाऱ्याला लागल्या आणि टोपल्या घेऊन बायकांची ही रांग! पुढे रंभाबाई.

"माजं पापलेट नरम पडतंय, नि हा कुनाशी गुलूगुलू करतोय?"

"गप! बाहेरगावचा फोन हाय," शेठ कुजबुजला.

लाइनवर मासे तळल्यासारखी चरचर. मी एका कानात बोट घालून बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. प्रोफेसर सांगत होते ते खात्री करायला मोठ्यानं परत म्हणत होतो. शेठला इंग्रजी कळायचं, पण भरतीच्या पाण्यासारखं, अर्धं येऊन अर्धं परत जाणारं. तो बायकांना सांगू लागला.

"ऱ्हायाची सोय त्यांची! खानं त्यांचं! महिन्याला पैसं! वर इमानाचं तिकीट!"

"अगो बाय, सोयरीक जमतेय! पोरीचा बाप बोलतोय!" रंभाबाई म्हणाली. मग जरा विचार करून, "येवढं देतात म्हंजे पोरीत कायतरी खोट असंल!"

बातमी किनाऱ्यावर पोचायला वेळ लागतो होय? बाबा ओल्या पायांनी धावत आले. मी 'फुल टुइशन', म्हणजे पूर्ण फी, हे शब्द उच्चारत होतो तोच रिसीव्हर माझ्या हातातून गेला!

"हॅलो! आमी हुंडा घेत नाय! आमी पोरगा इकत नाय!"

आणि खाडकन फोन खाली!

मी मटकन बर्फाच्या लादीवर बसलो. खरं सांगतो, गार लागलंसुद्धा नाही! मग उठलो. बाबांना घाम फुटेपर्यंत सगळं समजावलं. "सोयरीक नाही हो, शिष्यवृत्ती!" शेठला म्हणालो, "बोईसरला जातो, कॉल बुक करतो, रात्रभर बसावं लागलं तरी बसतो." सायकलवर टांग टाकली, तोच फोनची घंटी वाजली!

"मघाशी कोण होतं? काय म्हणाले ते?" प्रोफेसरांनी विचारलं.

थाप सुचेना. "माझे वडील. म्हणतात, पोरगा विकत नाही."

माझा जीव कानात गोळा झाला. पलीकडून एकदम खो खो हसणं! "त्यांना सांग, विकत नको. दोन वर्षं भाड्यानं द्या."

मी बाबांना सांगितलं. बाबांनी बोटीचा सौदा करताना करतात तसे डोळे बारीक केले.

"भाड्यानं? मंग हरकत नाय. पन मोडतोड झाली तर भरपाई त्यांची!"

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. प्रोफेसर म्हणाले, "कबूल!"

महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. वाडाभर पेढे वाटले. बाबांनी मात्र शेठकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि मला हाक मारली.

"परताप, ह्यात परत करायची तारीख नाय. आदी तारीख मागव, मंग होकार कळव."

लाजत लाजत, पण मागवली! उलट टपाली उत्तर आलं. तारीख होती. खाली प्रोफेसरांनी स्वतःच्या हातानं एक ओळ जास्त लिहिली होती: 'माल पसंत न पडल्यास मुदतीआधीच परत पाठवण्यात येईल.'

बाबा म्हणाले, "मानूस चोख हाय. जा!"