आप्पांचा गळका नळ

आमच्या मजल्यावरील आप्पांचा नळ दिवसाआड गळतो, आणि प्रत्येक वेळी ते फोनवर आग लागल्यासारखे ओरडतात. प्रथम कन्नडमध्ये, "लगू बर्री, लगू!" मग मराठीत, "लवकर या, घर वाहून चाललंय!" खालच्या काउंटरवरील मुलगी प्रथम घाबरत असे. आता ती फोन कानापासून दूर धरते.

उद्यमबागेजवळील ही इमारत भाड्याची आहे. परंतु भाड्यात सर्व काही येते. केर निघतो, कपडे इस्त्री होऊन येतात, दिवा गेला की माणूस शिडीसह हजर होतो. भाडेकरूने केवळ राहावे. मला हे मानवले. माणसाने माणसाला कमीत कमी त्रास द्यावा, या मताचा मी आहे.

खानापूरकडच्या खेड्यातून आलेले आप्पा या मताचे नाहीत. बापाला कशालाही हात लावावा लागू नये, म्हणून बंगळुरातील मुलाने त्यांना येथे ठेवले आहे.

नळ दुरुस्त करण्यास बसू नावाचा प्लंबर येतो. त्याने उंबरा ओलांडताच आप्पांना उधाण येते.

"आधी बूड टेक रं! च्या घेतल्याबिगर हत्याराला हात लावायचा न्हाय!"

मग भडंग. मग चहा. मग चौकशी.

"म्हस व्याली का रं?"

"काल व्याली, आप्पा. रेडी झाली."

"आणि खरवस न घेता आलास? लाज न्हाय तुला!"

हा आनंद जिन्यापर्यंत ऐकू येतो. नळाचे काम शेवटी, आणि क्षणभराचे.

एके सकाळी मी त्यांचे वर्तमानपत्र परत करण्यास गेलो. दार उघडे होते. आप्पा पाना घेऊन स्वतःचाच नळ ढिला करीत होते. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे.

"बघताय काय, मास्तर? धरा जरा. बसूनं लई घट्ट बसवलाय."

मी धरला.

तक्रारी फार झाल्या, तेव्हा व्यवस्थापक स्वतः आले. त्यांनी भारी कंपनीचा नवा नळ बसवून घेतला. "आप्पा, आता निर्धास्त राहा. याला काही होत नाही."

खरोखरच झाले नाही. आप्पांचा पाना त्याच्यावरून नुसता घसरे. मजला शांत झाला. मला हवा होता तितका.

काही दिवसांनी आप्पा मला दारात उभे दिसले. हातात भडंगाची ताटली होती.

"लई चांगला नळ दिलाय बघा, मास्तर," ते म्हणाले. "थेंब पडत न्हाय."

ताटलीतले भडंग मऊ पडले होते.

दुसऱ्या सकाळी मी माझा नळ ढिला केला आणि त्यांचे दार वाजवले.

"आप्पा, नळ गळतो आहे."

"व्हय? लई?"

"घर वाहून चालले आहे."

ते पाना घेऊन धावले. धावता धावताच त्यांनी फोन लावला. "लगू बर्री! मास्तर बुडालं!" बसू धापा टाकीत आला आणि सरळ मोरीकडे वळला. मी त्याला अडवले.

"आधी बसा," मी म्हणालो. "चहा झाल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही."

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी आधण ठेवले.

बसूचा आणि माझा चहा होईपर्यंत आप्पांना धीर निघाला नाही. त्यांनी नळ स्वतःच दुरुस्त केला. तेव्हापासून तो खरोखरच गळतो.

व्यवस्थापकांनी मलाही नवा नळ देऊ केला. मी लेखी नकार कळवला आहे.