झिप्रू सशाचा शंभरावा पक्षी

बाळांनो, एका जंगलात झाडं कमी आणि मंडळं जास्त होती. त्यातलं सगळ्यात मानाचं म्हणजे पक्षीनिरीक्षक मंडळ. दर रविवारी सकाळी ही मंडळी गळ्यात दुर्बिणी अडकवून राजाच्या बागेतल्या तळ्याकाठी जमायची. आधी पोहे व्हायचे, मग ग्रुप फोटो, आणि वेळ उरलाच तर पक्षी.

अध्यक्ष होते गेंडेसाहेब. त्यांना चार हातांपलीकडचं धड दिसत नसे, पण आवाज भारदस्त होता. अध्यक्षांनी स्वतः पाहिल्याशिवाय कुणाचाही पक्षी वहीत चढवायचा नाही, असा मंडळाचा नियम होता.

झिप्रू ससा जुना सभासद. शंभर पक्षी झाले की हिरवी टोपी मिळायची आणि पोह्यांच्या रांगेत पहिला नंबर. बिचारा दोन वर्षं नव्याण्णववर अडकला होता. घरी पाहुणे आले की त्याची बायको त्यांना दारातच सांगायची, "पक्ष्यांचा विषय तेवढा काढू नका."

फाल्गुन सरत आला. थंडीत आलेले पाहुणे पक्षी उत्तरेकडे परतू लागले. एका रविवारी झिप्रूला लव्हाळ्यात शंकर दिसला. शंकर म्हणजे निळ्या गळ्याचा इवलासा पक्षी. तो घाईघाईने किडे टिपत होता.

"भाऊ, कुणाला बोलावू नका," शंकर म्हणाला. "संध्याकाळी निघायचंय. पुढे मोठे डोंगर आहेत आणि तीन बागांमधून मला उपाशी हाकललंय."

"कुणी हाकललं?"

"पक्षीप्रेमींनी."

झिप्रूला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं. पण हिरवी टोपी डोळ्यांसमोर आली आणि त्याचे पाय पोह्यांच्या दिशेने धावले.

पाच मिनिटांत सगळं मंडळ लव्हाळं तुडवत हजर झालं.

"कुठाय तो?" गेंडेसाहेबांनी विचारलं.

झिप्रूने पंजा उचलला. तेवढ्यात साहेबांना पायाशी चिखलात काहीतरी निळं दिसलं. कुणीतरी टाकलेलं बाटलीचं झाकण होतं ते.

"वा, काय रुबाबदार पक्षी आहे," साहेब म्हणाले. "जराही हलत नाही."

"साहेबांची नजर म्हणजे नजर," चिटणीस कोल्हा म्हणाला आणि त्याने अठरा फोटो काढले.

झिप्रूने पलीकडे पाहिलं. शंकर अंग चोरून बसला होता. चोचीत अर्धा किडा तसाच होता. खरं सांगावं, तर वीस जण तिकडे धावणार आणि हा उपाशीच डोंगरांकडे निघणार. गप्प बसावं, तर खोटी टोपी डोक्यावर येणार. झिप्रूचे कान लाजेने गरम झाले.

"काय रे, हाच ना?"

"हाच, साहेब," झिप्रू म्हणाला. "पण जरा लांबूनच पाहू या. बुजेल तो."

सगळे दहा पावलं मागे सरले आणि दुपारपर्यंत श्वास रोखून झाकण पाहत बसले. शंकर पोटभर जेवला. दिवस मावळताना उत्तरेकडे उडाला. त्याला जाताना झिप्रूशिवाय कुणीही पाहिलं नाही.

झिप्रूला टोपी मिळाली. ती घालून ताठ मानेने चालणं मात्र त्याला अजून जमलेलं नाही.

झाकण तिथेच आहे. वैशाखापर्यंत मंडळातल्या सगळ्यांचा शंकर पाहून झाला. या पक्ष्याने स्थलांतर सोडून दिलं आहे, असा लेख सध्या गेंडेसाहेब लिहीत आहेत.

तात्पर्य: बागेत कचरा टाकू नये, असं मोठी माणसं सांगतात. तरी एखादं निळं झाकण जरूर टाकावं. पक्षीप्रेमींना पाहायला काहीतरी मिळतं आणि पक्ष्यांना जेवायला सवड.