राजय्याअण्णांचा उलटा आराखडा

राजय्याअण्णा रोज सकाळी गाडी धुतात तेव्हा पुढच्या दोन चाकांना बादलीभर पाणी मिळतं आणि मागच्या दोघांना नुसतं ओलं फडकं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "सर, इंजिनाची सगळी ताकद पुढच्या चाकास्नी. मागची दोन नुसती पाहुण्यासारखी येत्यात. काम न्हाय करत, त्यास्नी आंघोळ कशाला की?"

अण्णा आमचे शेजारी. कुंभारीच्या घरकुल वसाहतीत आमची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे भांडं पडलं की माझी बायको उठून आपला ओटा बघते. अण्णांचं काम सांधणीचं. यंत्रमागावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, संपत आला की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडायचं. अशी हजारो सुतं, आणि तीही गेली चाळीस वर्षं. असं काम करणारा माणूस एकतर वेडा होतो, नाहीतर राजय्याअण्णा होतो. जुनं काढून टाकणं त्यांच्या स्वभावातच नाही. त्यांच्या चपलेला मूळची फक्त टाच उरली आहे, आणि बादलीची कडी तिसरी आहे. कुणी हसलं तर म्हणतात, "तोडायचं न्हाय, सांधायचं."

त्यांची गाडी आठशे सीसीची आणि पंचवीस वर्षांची. पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तसा तिचा आवाज. रोज संध्याकाळी अण्णा मागांच्या शेडवरून परत यायचे, आणि नेमका तेव्हाच मी वह्या तपासायला बसलेला असायचो. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. त्या आवाजात मी किती बरोबर उत्तरं चूक दिली असतील, देव जाणे.

एक दिवस रफीक मिस्त्रीनं निदान केलं. "अण्णा, इंजिन बुढ्ढा हो गया. साल-दो साल, बस."

मला मनातून आनंद झाला. मी म्हटलं, "इंजिन काढून टाका, अख्खी गाडी बॅटरीवर करा. आवाज नाही, धूर नाही."

"आगंडी सर, आगंडी," अण्णा म्हणाले. आगंडी म्हणजे तेलुगूत थांबा. हे ते मला म्हणतात, उतू जाणाऱ्या दुधाला म्हणतात, आणि एकदा मंगळवेढ्यात सुटलेल्या एसटीला म्हणाले होते. ती थांबली.

त्यानंतर आठ महिने आराखडा चालला. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीनं. टेप त्यांना चालत नाही, गाठी मारलेल्या दोऱ्यानं ते डिकी मोजत. इंजिन पुढं तसंच ठेवायचं, मागच्या दोन चाकांत मोटारी बसवायच्या, डिकीत बॅटऱ्या. "पाहुण्यास्नी कामाला लावतो," म्हणत ते खुशीत हसायचे. आमच्या सामाईक भिंतीपलीकडं कसल्या कसल्या वायरी येऊन पडायला लागल्या आणि माझी झोप उडाली. उद्या धडाम झालं तर आधी माझा कोनाडा जाणार!

अण्णांच्या बायको नागमणीअक्का या सगळ्यात गप्प असायच्या. त्यांनी तीस वर्षं विड्या वळल्या. दोन वर्षांपूर्वी साखरेनं त्यांची नजर गेली. आता त्या संध्याकाळी पायरीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला चपलेच्या आवाजावरून ओळखतात.

शेवटी गाडीत बदल करायच्या परवानगीचे कागद आले आणि अण्णा आराखडा माझ्याकडं तपासायला घेऊन आले. मला घरातला फ्यूज बदलता येत नाही, पण कागदावरची चूक मी सोडत नाही. आणि ही चूक तर ढळढळीत होती. गल्लीत इंजिन आणि मोठ्या रस्त्यावर बॅटरी!

"अण्णा, हे उलटं आहे. सावकाश जाताना बॅटरी आणि हायवेला इंजिन. नववीतलं पोरही सांगेल."

"न्हाय सर. गल्लीत इंजिनच पायजे."

"पण का?"

"पायजे म्हून पायजे."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी सवयीनं लाल पेन उचललं, बाण उलटे केले, खाली 'गल्लीत बॅटरी' असं लिहून दोन रेघा मारल्या. गल्लीतल्या शांततेची मला किती आस होती, हे इथं कबूल करतो. अण्णा कागदाकडं बघत राहिले, मग त्याची घडी घालून गेले. रफीकनं तो पाहिला आणि म्हणाला, "सर लाल पेन से लिखे, मतलब फायनल." गाडी माझ्या बाणांप्रमाणं तयार झाली.

पहिल्या फेरीला अण्णा एकटेच मोहोळपर्यंत गेले. सहाला परत येणार होते. सात वाजले. मी दारात उभा होतो. आणि गाडी कोपऱ्यावरून वळली, कसलाही आवाज न करता गल्लीतून आली आणि अण्णांच्या दारासमोर थांबली. मी टाळी वाजवणार, एवढ्यात पायरीवरून अक्का बोलल्या.

"सर, सात वाजले का हो? अजून आले न्हाईत की. बॅटरीनं काय झालं असंल? रफीकला फोन लावा की जरा."

त्यांचं तोंड कोपऱ्याकडं होतं. पदर मुठीत आवळलेला. अण्णा त्यांच्यापासून चार पावलांवर गाडीत बसले होते आणि त्यांच्याकडं बघत होते. मी तोंड उघडलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. चपला गाडीतच ठेवून ते उतरले आणि गाडीला हात लावून मला ढकलायची खूण केली. बॅटरीवर मागं जायची सोय रफीकनं अजून केली नव्हती.

"लावतो फोन, कोपऱ्यावर रेंज आहे," मी अक्कांना म्हटलं. आम्ही दोघं म्हातारे ती गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत घेऊन गेलो.

तिथं पोचल्यावर अण्णा धापा टाकत म्हणाले, "एकदम जवळनं बोललो तर दचकती, सर. मागं अशीच पडली. इंजिन असलं की मी आलो ते हितनंच तिला कळतंय. मग तिचा जीव थाऱ्यावर येतोय. पण ते बी आता म्हातारं झालंय. मोठ्या रस्त्याला बॅटरी चालवली, तर गल्लीपुरतं अजून लई वर्षं उरंल की."

माझी मान खाली गेली. आठ महिने मी या माणसाला अडाणी समजत होतो. "उद्या रफीकला सांगतो," मी म्हटलं, "माझं लाल सगळं खोड म्हणून."

अण्णांनी बॅटरीची वायर काढली आणि किल्ली फिरवली. इंजिन घरघरलं आणि विझलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मी चक्क डोळे मिटून हात जोडले. मग एकदम तो खडखडाट सुरू झाला, आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं मला हायसं वाटलं. गाडी हळूहळू गल्लीत शिरली. मी मागून चालत गेलो.

अक्कांनी मुठीतला पदर सोडला होता. भिंतीला हात लावून त्या उठत होत्या, आणि माझी चप्पल ऐकून म्हणाल्या, "सर, राहू द्या आता फोन. आले हे."